टक्के नसलेला फोटो

हिंगोलीच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेऊन साधना नीट बसली, आणि बाहेर पाहिलं तर समोर ती स्वतःच होती. कंपाउंडच्या भिंतीला लावलेल्या बांबूच्या चौकटीत, निळ्या कोटात. आधी नुसतं कोणीतरी ओळखीचं आपल्याकडे बघतंय एवढंच वाटलं. मग ओळख पटली. समाजाच्या गुणवंतांचा फ्लेक्स होता. वर हात जोडलेली मोठी माणसं, त्यांची तोंडं खालच्या लेकरांच्या तिप्पट, आणि त्यांच्या पायाशी ओळीनं मांडलेले गुणवंत. सगळ्यांना एकच निळा कोट. चुलतभाऊ स्वप्निलचं फ्लेक्सचं दुकान आहे, तो कॉम्प्युटरवर कोणाच्याही मुंडक्याखाली हा कोट बसवून देतो. मुलींच्या कोटाला टाय नसतो, एवढाच काय तो फरक. तिचा फोटो परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा होता. तिथं ती जशी होती तशी होती, उन्हात रापलेली, भुवया जरा वर चढलेल्या. स्वप्निलनं तिला गोरी केली होती. गालावरचा लहानपणीचा व्रण पुसून टाकला होता. ओठांना कसला तरी रंग दिला होता. आणि प्रत्येक फोटोखाली जिथं एक्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी असे आकडे होते, तिथं तिच्या फोटोखाली आकडा नव्हता. तिथं लाल अक्षरांत 'घवघवीत यश' असं लिहिलं होतं. वाऱ्यानं फाटू नये म्हणून फ्लेक्सला ठिकठिकाणी काप दिले होते, त्यातला एक नेमका तिच्या खांद्यावर होता. वारा आला की तो खांदा उघडायचा आणि आतून भिंत दिसायची.

गाडी काही सुटत नव्हती. ड्रायव्हर चहाला गेला होता. साधनानं मान दुसरीकडे वळवली, पण मानेच्या मागच्या बाजूला तो फोटो बघतोय हे कळत राहिलं. घवघवीत. हा शब्द नेमका कशासाठी वापरतात, असं तिच्या मनात आलं. तिला बारावीला सत्तावन्न टक्के पडले होते. सत्तावन्न हा काही वाईट आकडा नाही. त्याच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि सांगण्यासारखंही काही नाही. नापास झालेल्या पोराची काहीतरी गोष्ट असते, आई आजारी होती, पेपरच्या दिवशी गाडी चुकली. नव्वदवाल्याची तर असतेच. सत्तावन्नवाल्याला कोणी गोष्ट विचारत नाही, आणि विचारलीच तर त्याच्याकडे नसते. तिनं अभ्यास केला होता. थोडा मन लावून, थोडा मन न लावता, जसा बहुतेक पोरं करतात तसा. हिंगोलीत मावशीकडे राहून कॉलेज केलं, रसायनशास्त्र कळलं नाही, भूगोल आवडला. निकाल लागला तेव्हा बाबा शिरड शहापूरजवळ कोणाच्या तरी रानात खतासाठी मेंढ्या बसवून होते. तिनं फोन केला.

"पास का?"

"पास."

"मग बरं झालं," बाबा म्हणाले, आणि मागं कोकरं ओरडत राहिली. तातेरावकाकांनी मात्र विचारलं, "किती?" तिनं सांगितल्यावर म्हणाले, "बरं. कुनाला सांगू नको. मी बघतो."

तातेरावकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आठवडी बाजारापासून तहसीलपर्यंत त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. ते खोटं बोलायचे नाहीत, आधी बोलायचे. रस्ता मंजूर व्हायच्या आधी ते रस्ता झाला म्हणून सांगायचे, पाण्याची टाकी यायच्या आधी टाकीचे आभार मानून टाकायचे, आणि अर्ध्या वेळा ते बोलले म्हणूनच पुढं कामं व्हायची, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य होतं. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं असणार, पोरीचं काय झालं. साधनानं विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिलीय एवढं त्यांना माहीत होतं. ते म्हणाले असणार, लागला की नंबर नांदेडला. एकदा म्हणाले म्हणजे झालं. मग फ्लेक्स आला, मग मंगल कार्यालयातला सत्कार ठरला, शाल, नारळ, आणि पाहुणे म्हणून एक संस्थाचालक. ह्या संस्थाचालकांचं खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉलेज होतं. 'तिथं टक्के बघत न्हाईत, मानूस बघतेत,' असं काका सांगायचे. विद्यापीठाचं जमलं नाही तर तिथं बसवून टाकू, हा त्यांचा हिशोब होता. सत्कार आज होता. आणि विद्यापीठातल्या प्रवेशाची शेवटची फेरीही आजच होती.

गाडी सुटली तेव्हा फ्लेक्स काचेतून एकदा पूर्ण सरकत गेला. तिनं बघितलं नाही. पण तिला मागच्या वर्षीचा फ्लेक्स आठवला. तो आता शिरडला त्यांच्या घरामागं आहे, कोकरं कोंडायच्या वाडग्यावर ताणलेला. गावोगावी असंच चालतं. सत्कार झाले, चार दिवस गेले की फ्लेक्स कोणीतरी सोडवून नेतं आणि कडब्यावर नाहीतर जनावरांवर घालतं. चांगला टिकतो, पाणी आत येऊ देत नाही. त्या फ्लेक्सवर शिवहार म्हणून एक मुलगा आहे, एक्याण्णववाला. त्याचं तोंड नेमकं आतल्या बाजूला आलंय. माय रोज वाडग्यात वाकून शिरली की तो वरून बघतो. एकदा मायनं विचारलं होतं, "ह्यो कोन गं?" साधना म्हणाली, शिवहार, मागच्या साली पहिला आला होता. "मंग आता काय करून राहिला?" ते कोणालाच माहीत नव्हतं. माय त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, कोट चांगला हाय. कळमनुरी जवळ येईपर्यंत साधना त्या शिवहारचाच विचार करत होती. त्यालाही कोट नव्हताच. एक्याण्णव मात्र त्याचे स्वतःचे होते.

विद्यापीठाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या मैत्रिणी कुठं कुठं अर्ज भरत होत्या आणि टक्के ऐकून गप्प बसत होत्या. तिनं आपली मोबाईलवर बघत बसता बसता वाचलं, की तिथल्या भूशास्त्राच्या वर्गाला बारावीचे पन्नास टक्के पुरतात, पुढं सगळं प्रवेशपरीक्षेवर. तिनं ते पुन्हा वाचलं. पन्नासच्या वर सगळे सारखे. नव्वदवाला आणि ती, दारातून आत जाईपर्यंत एकाच रांगेत. हे वाचल्यावर तिला आनंद वगैरे झाला नाही, उलट भीती वाटली, कारण आता सत्तावन्नच्या मागं लपून बसता येणार नव्हतं. आणि भूशास्त्र काहून, असं मावशीनं विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही. लहानपणी सुट्टीत ती बाबांबरोबर मेंढ्यांमागं चालायची. बाबा विहिरीच्या पाण्याची चव सांगायचे. इथलं मचूळ, पलीकडचं गोड, मधी एक बांध. तिनं विचारलं होतं, असं काहून? बाबा म्हणाले, जमीनच तशी हाय. त्यांचं उत्तर खरं होतं, पण तिला ते पुरलं नाही. तशी म्हणजे कशी, हे तिला पाहिजे होतं. इतकी वर्षं ते तसंच पायात रुतलेल्या काट्यासारखं राहिलं होतं, चालताना दुखत नव्हतं, दाबलं की दुखत होतं. परीक्षा तिनं दिली. यादीत नाव आलं, पण बरंच खाली. पहिल्या फेऱ्या गेल्या. मग सूचना आली की उरलेल्या जागा समोरासमोर भरणार. यादीतली नावं क्रमानं पुकारणार. जो हजर असेल त्याला जागा, जो नसेल त्याचं नाव सोडून पुढं. आजारी असो, गाडी चुकलेली असो, सत्कार चालू असो.

तिनं बाबांना फोन केला होता. काकांचं सांगितलं, फेरीचं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तिथं हजर राहायलाच लागतंय का?"

"व्हय."

"मग जा. तातेरावाला मी सांगतो."

त्यांनी सांगितलं नव्हतं. हे कळमनुरी सोडल्यावर फोन वाजला तेव्हा कळलं. बाबांना तातेरावकाकांसमोर कधी बोलता यायचं नाही. तोंड उघडायचे, डोक्यावरचं पागोटं सारखं करायचे आणि तोंड मिटायचे.

"कुठंय बाई तू? मावशी म्हनती नांदेडच्या गाडीत बसली."

"व्हय काका. आज माझी फेरी आहे."

"कसली फेरी? नंबर लागला ना तुझा?"

"तुम्ही म्हणालात लागला. लागला नाही अजून."

पलीकडे कोणीतरी माईक तपासत होतं, हॅलो हॅलो असा आवाज येत होता. काकांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आल्यामुळंच तिला वाईट वाटलं. "हे बघ, मी समद्यांना सांगून बसलो. पाव्हणे येऊन राहिलेत. पयली खुर्ची तुझी हाय. आपल्यातली पयली पोरगी युनिव्हर्सिटीत चालली, असं मी पत्रिकेत छापलं. माझी तकलीफ समजून घे. डोंगरकड्याला उतर. तिथं माझा मेव्हना संतराम हाय, तो फाट्यावर गाडी घेऊन उभा राहील. त्याच्यासंग मागं ये. नांदेडचं मी बघतो."

फोन ठेवल्यावर तिला दिसलं की आपण पिशवीचे बंद हाताला गुंडाळून घेतलेत, उतरायला निघाल्यासारखे. काकांनीच तिला सायकल आणून दिली होती. आठवीत तिची शाळा बंद व्हायची वेळ आली तेव्हा मायला ओरडून तेच म्हणाले होते, पोरीच्या जातीचं कारन सांगू नका मला. ते स्वतः बारावीला तीनदा बसले होते आणि तिन्ही वेळा इंग्रजीत राहिले होते. त्यांनी सत्तावन्न लपवलं ते तिची लाज वाटली म्हणून नाही, लोक हसतील म्हणून. हे तिला पक्कं माहीत होतं आणि तरीही त्या आकडा नसलेल्या जागेचा तिला राग होता. एखाद्या वेळी माया करणारं माणूसच आपल्याला पुसून टाकतं आणि वर कोट घालतं. ज्याचा राग धरावा असं कोणीच समोर नसतं. मग तो राग कुठं ठेवायचा? डोंगरकड्याला उतरली तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसत होतं. शाल अंगावर पडेल, नारळ हातात येईल, संस्थाचालक पाठीवर हात ठेवतील, आणि संध्याकाळपर्यंत खताच्या दुकानाच्या वर तिचं नाव लागलेलं असेल. सगळं घवघवीत. आणि नांदेडला कोणीतरी तिचं नाव पुकारेल, जरा थांबेल, आणि पुढचं नाव घेईल.

रस्त्याच्या दोन्ही बाजूला केळीच्या बागा लागल्या. डोंगरकडा आलं. गाडी थांबली. फाट्यावर एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता, पांढरा शर्ट, हातात मोबाईल. संतराम तोच. साधनानं त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंही तिला नव्हतं. तो खिडक्यांवरून नजर फिरवत गाडीच्या कडेनं चालत आला. एकदा मोबाईलमध्ये बघायचा, एकदा वर. तिच्या खिडकीखाली थांबला. मोबाईल तिला वरून दिसला. त्यात निळा कोट होता. काकांनी फ्लेक्सवरचाच फोटो पाठवला होता. संतरामनं मान वर करून तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, गालावरच्या व्रणाकडे पाहिलं, आणि पुढं गेला.

तो मागच्या दारानं आत चढला आणि कंडक्टरला मोबाईल दाखवला. "हिंगोलीवरून ही पोरगी बसली का?"

कंडक्टरनं फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. मग सगळ्या गाडीवरून नजर फिरवली. ती साधनावरूनही फिरली. "अशी कोटवाली कोनी न्हाई आपल्या गाडीत," तो म्हणाला.

"साधना कोनाय?" संतरामनं विचारलं. मोठ्यानं नाही, भल्या माणसासारखं. "साधना हाय का कोनी?"

हाक आली की ओ द्यायची, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. रानात तर ते फार महत्त्वाचं असतं. 'ओ' घशात आलीच होती. तिनं ती तिथंच धरली. पुढच्या सीटवरची म्हातारी केळी सोलून खात होती, तिच्या सालाचा वास येत होता, आणि साधना त्या वासाकडे लक्ष देत राहिली. आपण खोटं बोलतोय का, असं तिला वाटलं. तो ज्या मुलीला शोधत होता ती खरंच गाडीत नव्हती. तिला गोरा रंग होता, कोट होता, टक्के नव्हते आणि नंबर लागलेला होता. ती मंगल कार्यालयातच होती, पहिल्या खुर्चीवर, आधीपासून. ती तिथंच राहू दे. एका जागी हजर राहायचं तर दुसऱ्या जागी गैरहजर राहावं लागतं, आणि ते कोणालातरी लागतं. काकांना ते लागणार होतं. हे तिनं मनाशी कबूल केलं आणि ती जागची हलली नाही. संतराम उतरला. कंडक्टरनं बेल ओढली. गाडी हलल्यावर तिनं हाताला गुंडाळलेले बंद सोडवले. मनगटावर लाल वळ उठले होते, तेवढे तिनं अर्धापूरपर्यंत चोळले.

विद्यापीठातला हॉल मोठा होता आणि निम्मा रिकामा होता. पुढं टेबलावर एक मॅडम बसल्या होत्या, शेजारी फळा, फळ्यावर उरलेल्या जागांचा आकडा. मॅडम नाव पुकारायच्या, थांबायच्या, पुन्हा पुकारायच्या. कित्येक नावांना कोणी उत्तर देत नव्हतं. ती मुलं वर होती यादीत, दुसरीकडे कुठं गेली असतील, एखाद्या फ्लेक्सवर असतील. मधेच कोणी हजर म्हणायचं, आणि शिपाई फळ्यावरचा आकडा पुसून एक कमी करून लिहायचा. तिचं नाव किती खाली आहे हे तिला पाठ होतं, आणि आता कोण येतं, कोण येत नाही, याच्यावर सगळं होतं. पिशवीतला फोन थरथरत होता. काका असतील. तिनं घेतला नाही. मग एकदा थरथरून थांबला. स्वप्निलनं काहीतरी पाठवलं होतं, व्हिडिओ, आणि खाली लिहिलं होतं, ऐक.

तिनं आवाज कमी केला आणि फोन एका कानाला लावला. दुसरा कान हॉलला. चित्र दिसत नव्हतं, नुसता माईकचा खरखराट आणि खुर्च्यांचा आवाज. निवेदक म्हणत होता, साधना भुजंग पोले, घवघवीत यश, त्यांचे वडील सत्कार स्वीकारतील. टाळ्या. मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत तिला कळलं की बाबा पागोटं सारखं करतायत. आता तोंड मिटतील, असं तिला वाटलं.

"राम राम," बाबा म्हणाले. माईक तोंडाला लागल्यामुळं आवाज फुटत होता. "मला बोलता येत न्हाई. पोरगी इथं न्हाई. ती नांदेडला गेली. नंबर लागला न्हाई तिचा अजून. लागतो का बघाय गेली." कोणीतरी मागून काहीतरी बोललं, बहुतेक काका. "थांब तातेराव. बोर्डावर तिचे टक्के टाकायचे राहिले. सत्तावन्न हायत. आमच्या घरात आजपोतर कुनाला तेवढेबी न्हाईत." मधे कोणीतरी हसलं, आणि ते हसू पुढं सरकलं नाही. "ही शाल ठेवा तुमच्यापाशी. नंबर लागला तर येऊन घेऊ. न्हाई लागला तर मी तिला रानातून फोन करीन." मग माईक ठेवल्याचा धप्प आवाज झाला. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी एकाच माणसानं वाजवल्या, जोरात, आणि त्या कोणाच्या हे तिला ओळखू आलं. सभेत पहिली टाळी वाजवायची तातेरावकाकांना सवय होती.

तिनं फोन खाली घेतला. समोरचं सगळं पाण्यातून दिसायला लागलं होतं, फळाही, त्यावरचा आकडाही. मॅडमनी एक नाव दोनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. त्यांनी यादीवरचं बोट खाली सरकवलं.

"पोले साधना भुजंग."

ती उठली. बांधापलीकडून बाबांना ओ द्यावी तसा आवाज निघाला. "हजर."

हॉलमधल्या काही माना वळल्या. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बारावीला किती?"

"सत्तावन्न."

"पन्नासच्या वर आहेत ना, झालं मग. या पुढे."

शिपायानं फळ्यावरचा आकडा पुसला आणि एक कमी करून लिहिला. साधना खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी गेली. तिथं एक लहानसा कॅमेरा लावलेला होता, प्रवेशाचा फोटो लगेच काढून घेत होते. कुर्त्याच्या बाहीवर गाडीतली धूळ होती आणि गाल ओले होते. मॅडम म्हणाल्या, पुसायचं असेल तर पुसून घ्या. ती म्हणाली, असू द्या, आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं.